न चावलेले माऊथगार्ड

दंतवैद्याच्या दवाखान्यात जी खोली रुग्णाला कधीच दिसत नाही, त्या खोलीत मामांनी एकतीस वर्षे काढली आहेत. पुढच्या खोलीत डॉक्टर बसतात. तेथे वरखाली होणारी खुर्ची आहे, दिवा आहे, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचे चित्र आहे. मागच्या खोलीत एक लांब ओटा, प्लास्टर कालवण्याची रबरी वाटी, मेण वितळवायचा लहान दिवा, घासणीचे यंत्र आणि भिंतीच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आहेत. डॉक्टर तोंडाचे माप घेऊन मागे पाठवतात. मामा त्या मापावरून दात करतात. आपण केलेले दात ज्यांच्या तोंडात आहेत, त्यांतल्या बहुतेकांना मामांनी कधी पाहिलेले नाही. रस्त्यात कोणी मोकळेपणाने हसले की ते चेहऱ्याआधी दात पाहतात आणि आपले काम ओळखू आले की नजर वळवून पुढे जातात.

‘मामा’ हे नाव त्यांना उतारवयात मिळाले. पूर्ण नाव कवळीमामा. ते महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने ठेवले आणि सवयीने पुढे निम्मे गळून पडले. सात वर्षांपूर्वी संघाच्या प्रशिक्षिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, एका खेळाडूला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. कोणाचे तरी कोपर लागून तिच्या पटाशीच्या दाताचा तुकडा उडाला होता. डॉक्टरांनी दात सारखा केला. मॅडमनी त्याच दिवशी बाराही मुलींसाठी माऊथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायची कवचे, करून मागितली आणि नियम घातला की यापुढे ते तोंडात असल्याशिवाय कोणी मैदानात पाऊल ठेवायचे नाही. मामांनी बारा साचे ओतले, त्यांवर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा दाबून बारा माऊथगार्ड काढली, कडा घासल्या आणि त्यांवर जर्सीचे नंबर घातले. मग त्यांना चैन पडेना. कवळी लावून माणूस जेवतो, बोलतो, फार तर शिंकतो. ही वस्तू तोंडात ठेवून मुली धावणार होत्या. करून दिलेली वस्तू वापरात पाहिल्याशिवाय काम पुरे होत नाही, असे त्यांचे मत असल्यामुळे ते पुढच्या सामन्याला गेले. वय एक्कावन्न, बास्केटबॉलचा सामना ते जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

सात वर्षांत त्यांनी संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. तरी खेळ त्यांना समजला, असे म्हणता येणार नाही. चेंडू घेऊन चांगली पळत असलेली मुलगी मध्येच थांबवली जाते आणि चेंडू समोरच्यांना दिला जातो, याचे कारण तिने चेंडू न आपटता जास्तीची पावले टाकली हे असते, हे त्यांना अनेकदा सांगून झाले होते. ते त्यांना पटले होते. पण डोळ्यांसमोर ती पावले पडत, तेव्हा ती त्यांना दिसत नसत. शिट्टी वाजली की ते दचकत. लोक उठत, मग ते उठत. शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसत, खेळाचे मोठे जाणकार. ते कोपराने ढोसून सांगत, “मामा, आपल्या बाजूचं झालं. वाजवा टाळ्या.” एकदा मामा स्वतःहून आधी उठले आणि जोरात टाळ्या वाजवल्या, तेव्हा बास्केट समोरच्या संघाची झाली होती. पोस्टमन म्हणाले, “असू द्या, पाहुण्यांचा मान ठेवलात.”

खेळ कळत नसला तरी खेळणाऱ्या मुली त्यांना कळतात, अशी मात्र त्यांची खात्री होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका पत्र्याच्या डब्यातून बाराही माऊथगार्ड सफाईसाठी त्यांच्याकडे येत. प्रत्येकावर मालकिणीच्या दातांच्या खुणा असत. चार नंबर पुढच्या दातांनी कुरतडते. अकरा नंबर खेळताना शांत असते आणि राखीव बाकावर बसली की चावते. सात नंबर कधीच काही दाबत नाही, तिची भीती पोटात असावी. सामन्याचा निकाल सगळ्यांना कळे. मामांना वाटे, त्याचा खरा अहवाल फक्त आपल्याकडे येतो. चाहता हा विचित्र जातीचा नातेवाईक असतो. त्याला कोणी बोलावलेले नसते, त्याचे कोणी देणे लागत नसते, तरी आपला हक्क आहे असे तो धरून चालतो. मामांचा हक्क दातांवरून आला होता, एवढाच काय तो फरक.

या हक्काचा सगळ्यात मोठा वाटा नऊ नंबरकडे जाई. ती संघाची कॅप्टन, शेवटच्या वर्षाची, लांब हातांची, बोलायला तुटक. पहिल्या वर्षी तिने दोन महिन्यांत माऊथगार्डला उजव्या दाढांखाली भोक पाडले होते. मामांनी दुसरे जाड करून दिले. तेही तिने चावून आरपार केले. “ही मुलगी चेंडू हातांनी नाही, दाढांनी धरते,” असे त्यांनी घरी बायकोला सांगितले होते, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की बायकोने विचारले, “अहो, दाढा तिच्या आणि कौतुक तुमचं का?”

यंदा संघाचे साखळीतले दोन सामने उरले होते. त्यांतला एक जिंकला की पुढच्या फेरीत प्रवेश. पहिला सामना नदीपलीकडच्या महाविद्यालयाशी होता. तो संघ काही फार भारी नव्हता. आपला संघ अकरा गुणांनी हरला. नेहमी वीसच्या घरात जाणाऱ्या नऊ नंबरने सहा गुण केले. ती बास्केटखाली मोकळी सापडे आणि चेंडू दुसरीकडे देऊन टाके. मामा लांबच्या टोकाला सगळ्यात वरच्या पायरीवर होते. तेथून त्यांना एवढेच दिसले की तिचे तोंड सारखे उघडमीट करत आहे. दमली असेल, असे त्यांना वाटले. बाहेर पडताना पोस्टमनने कानाशी येऊन सांगितले की नऊ नंबर पुढच्या वर्षी शिकायला नदीपलीकडेच जाणार आहे. आज सामन्याआधी तिकडच्या संघाच्या प्रशिक्षिका बाई तिच्याशी कोपऱ्यात उभ्या राहून बोलत होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिले. मामांनी ते ऐकून सोडून दिले.

तो महिन्याचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी डबा आला. मामांनी नऊ नंबरचे माऊथगार्ड दिव्याखाली धरले आणि हातातली घासणी खाली ठेवली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ते नवे करून दिले होते. उजव्या दाढांखाली सरावातल्या जुन्या, बोथट खुणा होत्या. ताजी एकही नव्हती. त्यांनी फळीवरून तिचा साचा काढला, त्यावर ते बसवून पाहिले, भिंग लावले. माऊथगार्डशिवाय मैदानात पाऊल नाही, हा मॅडमचा नियम. म्हणजे सामन्यात ते तोंडात होते. तोंडात असून चावले गेले नाही. ज्या मुलीने तीन वर्षांत जीव तोडून खेळल्याशिवाय एक सामना काढला नाही, तिने चाळीस मिनिटे दातावर दात दाबला नव्हता. मग पोस्टमनचे बोलणे आपोआप त्याच्या शेजारी येऊन बसले. दोन गोष्टी शेजारी आल्या की त्यांच्यात नाते आहे असे मनाला वाटू लागते, आणि ते नाते आपण लावले हे मन विसरते.

घरी त्यांनी बायकोला सांगितले. तिने न्यायालयात सत्तावीस वर्षे साक्षी टंकित करण्याचे काम केले होते. ती भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकून विचारले, मुलीला विचारलेत का. मामा म्हणाले, काय विचारणार? ती थोडीच सांगणार आहे. बायको म्हणाली, “पाहिलं काय, ते सांगायचं. वाटलं काय, ते सांगायचं नाही. कोर्टात न्यायाधीशसाहेब प्रत्येकाला हेच बजावायचे, आणि प्रत्येक जण पिंजऱ्यात उभा राहिला की वाटलेलंच सांगायचा.”

“मी पाहिलंय. भिंगातून पाहिलंय.”

“प्लास्टिक पाहिलंत.”

मामांना तिचे म्हणणे बरोबर वाटले आणि राग आला. दोन्ही एकदम होऊ शकते याचे त्यांना नवल वाटले. रविवारभर ते तळ्यात-मळ्यात करत राहिले. सोमवारी डबा न्यायला मॅडम स्वतः आल्या. हरल्यामुळे त्यांचा चेहरा ओढलेला होता. सगळे ठीक आहे ना, एवढेच त्यांनी विचारले; असे त्या दर महिन्याला विचारत, आणि उत्तर ‘ठीक आहे’ असे असे. मामांनी नऊ नंबरचे माऊथगार्ड डब्यातून बाहेर काढले. बोलायचे नाही असे ठरवूनही ते बोलले.

“हे बघा. एक खूण नाही. नऊ नंबर मनापासून खेळली नाही.”

मॅडमनी ते हातात घेतले नाही. थोडा वेळ पाहिले, डब्याचे झाकण लावले आणि आभार मानून निघून गेल्या. मामांना वाटले, त्या रागावतील किंवा हसून उडवून लावतील. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, त्यामुळे आपण नेमके काय केले हे त्यांना कळेना. बुधवारी सकाळी पोस्टमन दाढेचे निमित्त करून दवाखान्यात आले आणि मागच्या खोलीत डोकावले. शुक्रवारच्या सामन्यात नऊ नंबर पहिल्या पाचात नाही, राखीव बाकावर बसणार, असे सरावात जाहीर झाले होते. शुक्रवारचा सामना हरला तर तो तिचा महाविद्यालयातला शेवटचा सामना. “कॅप्टनला बाकावर? मॅडमचं डोकं ठिकाणावर नाही,” पोस्टमन म्हणाले. मामांनी प्लास्टरची वाटी इतका वेळ ढवळली की ते वाटीतच घट्ट झाले.

त्याच दुपारी नऊ नंबर आली. ती दारातच उभी राहिली, कारण आत दोन माणसांना पुरेशी जागा नाही. तिने माऊथगार्ड ओट्यावर ठेवले.

“मामा, हे पातळ करता येईल? हे घालून बोलता येत नाही.”

मामांनी विचारले, बोलायचे कशाला? तिने सांगितले ते असे. संघात पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, सगळे तिला भिंगरी म्हणतात. पायात वीज, पण गर्दी झाली की गोंधळते. तिला प्रत्येक वेळी सांगावे लागते, मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळी आहे. माऊथगार्ड तोंडात असले की शब्दांचा नुसता लगदा होतो. गेल्या सामन्यात पहिल्या पाच मिनिटांतच भिंगरी दोनदा चुकीच्या बाजूला वळली, तेव्हा नऊ नंबरने माऊथगार्ड काढून मोज्यात खोचले आणि पूर्ण सामना तसाच खेळली.

“मॅडमना सांगू नका हं. नियम म्हणजे नियम. त्या मला कच्चं खातील.”

मामांनी माऊथगार्ड उचलून उगाच उजेडात धरले. वरच्या पायरीवरून दिसलेले तोंड त्यांना आठवत होते; चाळीस मिनिटे ते उघडमीट करत होते आणि तोंडे वाचण्यात हयात घालवलेल्या माणसाला ती मुलगी बोलते आहे, हे सुचले नव्हते. उद्या संध्याकाळी ये, एवढेच त्यांनी सांगितले. मॅडमना जे सांगितले होते त्याबद्दल चकार शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तर बरे झाले असते की वाईट, हे त्यांना ठरवता येईना.

आता अडचण अशी होती की नऊ नंबरवरचा एक आरोप मागे घ्यायचा, तर तिच्यावर दुसरा, नियम मोडल्याचा, ठेवावा लागत होता. आणि तो न सांगण्याचे तिने त्यांनाच सांगितले होते. संध्याकाळी त्यांनी हे बायकोपुढे मांडले. ती म्हणाली, पहिल्यांदा कोणी विचारले नव्हते तेव्हा सांगितलेत, आता सांगायची वेळ आली तर तोंड बांधलेले. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. मामांनी काहीच ठरवले नाही. गुरुवारी सकाळी ते महाविद्यालयात गेले. मॅडम रिकाम्या मैदानात खुर्चीवर बसून कागदावर काही आखत होत्या. मामा म्हणाले, मी सोमवारी बोललो ते चुकीचे होते.

“कशावरून?”

“ते सांगता येत नाही.”

“मग आधीचं कशावरून सांगितलंत?”

मॅडमनी कागदाची घडी केली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, संघ मी ठरवते, आणि जे ठरवते ते एका गोष्टीवरून ठरवत नाही. याचा अर्थ मामांच्या शब्दाला वजन नव्हते असा होता, की होते पण आता ते काढून घेता येणार नव्हते असा, हे त्यांना समजले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. आपल्यामुळे अन्याय झाला, या कल्पनेने त्यांना झोंबत होते. आणि आपल्यामुळे काहीच झाले नसेल, या कल्पनेनेही थोडेसे झोंबत होते. हे दुसरे झोंबणे त्यांनी बायकोला सांगितले नाही.

करता येण्याजोगे एकच काम उरले होते. दुपारी त्यांनी माऊथगार्ड पातळ करायला घेतले. आतल्या बाजूची, जिभेला लागणारी कड त्यांनी थोडी थोडी घासत नेली. किती घासले म्हणजे बोलता येईल, याचे माप कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या दातांचा साचा घेऊन तसेच एक करून पाहिले आणि जेवायच्या सुट्टीत ते तोंडात घालून घरी गेले. बायकोने दार उघडले. त्यांनी ‘डावीकडे मोकळी आहे’, ‘मागे बघ’, ‘इकडे दे’ ही वाक्ये म्हणून दाखवली. बायको क्षणभर मागे सरली, मग म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काय बोलताय ते नीट कळलं.” मामांना बरे वाटले. मात्र त्यांनी ‘डावीकडे’ म्हटले तेव्हा ती उजवीकडे वळून पाहत होती, हे त्यांच्या लक्षात आले. परत जाऊन त्यांनी कड आणखी अर्धा मिलिमीटर घासली. संध्याकाळी नऊ नंबर आली, ते तोंडात घालून तिने “थँक्यू मामा” म्हटले. ते स्पष्ट ऐकू आले. त्या दोन शब्दांनी ते अधिकच बेचैन झाले.

शुक्रवारचा सामना दुपारी चारला होता. मामा या वेळी वरच्या पायरीवर न बसता खाली, राखीव बाकाच्या समोरच्या बाजूला बसले. पोस्टमन कुरकुरत शेजारी आले. त्यांच्या मते खालून खेळ दिसत नाही, फक्त पाय दिसतात. नऊ नंबर बाकाच्या टोकाला बसली होती, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेले. मैदानात भिंगरी भिंगरीसारखीच फिरत होती आणि तितकीच निरर्थक. पहिला डाव गेला, दुसरा गेला. तिसरा संपला तेव्हा संघ नऊ गुणांनी मागे होता. लोक मॅडमच्या नावाने बोटे मोडू लागले. कोणीतरी ओरडले की बाक गरम करायला कॅप्टन कशाला, शेगडी ठेवा. मामा ते ऐकत होते आणि प्रत्येक शब्द आपल्याला उद्देशून आहे असे त्यांना वाटत होते. हे लोक ज्या निर्णयाला शिव्या देत होते तो कदाचित त्यांच्याच ओट्यावर झाला होता, आणि शेजारी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

शेवटची आठ मिनिटे राहिली असता मॅडमनी नऊ नंबरकडे न पाहताच हात हलवला. ती उठली. लोकांनी एकच गिल्ला केला. मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिले. ती बोलत होती. पळताना, थांबताना, हात वर करून उभी राहताना, ती सारखी बोलत होती, आणि उघडलेल्या ओठांत माऊथगार्डची फिकट कड दिसत होती. भिंगरी आता वळायला हवे तिकडे वळू लागली. नऊ गुणांचे सहा झाले, सहाचे तीन. मामांना कारणे कळत नव्हती. पण आज पहिल्यांदा लोकांबरोबरच ते उठत होते, मागाहून नाही. एक गुणाने मागे असताना बारा सेकंद उरले आणि चेंडू नऊ नंबरच्या हाती आला. ती बास्केटजवळ होती. समोरच्या दोघी तिच्या अंगावर झेपावल्या. ती उडी मारणार असे सगळ्यांना वाटले. तिने चेंडू कोपऱ्यात भिंगरीकडे फेकला. भिंगरीने मारला. चेंडू कड्यावर दोनदा फिरला, जणू काही आत जावे की नाही याचा विचार करत होता, आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली. एका गुणाने हार.

पोस्टमन खाली बसले. “स्वतः मारायचं सोडून पोरीच्या गळ्यात घातलं. हिंमत नाही झाली.” मागच्या ओळीतली एक बाई कडाडली की कॅप्टन असावी तर अशी, स्वतःचा शेवटचा चेंडू धाकटीला दिला. तिसऱ्याने नदीपलीकडची गोष्ट काढली. पुढच्या वर्षीची सोय झाली की माणूस असाच खेळतो. मामा तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. तिघांनी एकच गोष्ट पाहिली होती. चार दिवसांपूर्वी असा प्रसंग आला असता, तर शनिवारपर्यंत थांबा, दातांवरून सांगतो, असे ते म्हणाले असते. आता ते म्हणण्याची सोय उरली नव्हती.

फाटकाशी ते अर्धा तास उभे राहिले. माफी मागायची होती. पण कशाची, ते नीट ठरत नव्हते. चुकीचे बोललो, असे म्हणावे तर ते चुकीचे होते का, हे अजून ठाऊक नव्हते. शेवटी त्यांनी मनात वाक्य तयार केले: मला माहीत नव्हते आणि माहीत असल्यासारखे मी बोललो. नऊ नंबर खांद्यावर पिशवी टाकून एकटीच बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. मामांनी वाक्य म्हटले. तयार केले होते तितके सरळ ते निघाले नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मॅडमनी नाव नाही घेतलं. पण गार्डवर दातांची खूण नाही, हे दुसरं कोण सांगणार?”

“कधी विचारलं त्यांनी?”

“मंगळवारी.”

म्हणजे बुधवारी ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिला सगळे ठाऊक होते. मग तेव्हा काही बोलली का नाहीस, असे मामांनी विचारले. तिने खांदे उडवले. “तेव्हा मला पातळ गार्ड हवं होतं, मामा.”

मंगळवारी मॅडमनी तिला एवढेच विचारले होते, मनापासून खेळलीस का. आणि ती नाही म्हणाली होती. मामांना वाटले की मोज्यातली गोष्ट लपवण्यासाठी तिने कबुली दिली असावी, नियम मोडल्याची शिक्षा मोठी असेल म्हणून. तसे त्यांनी विचारलेही. त्यांना मनापासून वाटत होते की तिने हो म्हणावे. तसे असते तर निदान एक बाजू पक्की झाली असती.

“नाही. दोन्ही खरं होतं. गार्ड मोज्यात होतं तेही, आणि मनापासून खेळले नाही हे पण.” तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “नदीपलीकडच्या बाई सामन्याआधी येऊन बोलून गेल्या. चांगल्या बोलल्या. मग खेळताना दोन्ही टीम आपल्याच वाटायला लागल्या. घशाला कोरड पडेपर्यंत ओरडत होते, पण मारायला हात उचलत नव्हता. मुद्दाम नाही. मुद्दाम नव्हतं, असं मला वाटतं.”

“वाटतं?”

“हो. मलापण नक्की माहीत नाही.”

मामांचा शनिवारचा निष्कर्ष, त्यामागचा सगळा पुरावा खोटा असूनही, कदाचित बरोबर होता. पुरावा खोटा आणि निष्कर्ष खरा, अशी वस्तू त्यांच्या ओट्यावर कधी आली नव्हती. चुकीच्या मापावरून केलेली कवळी तोंडात चपखल बसावी, तसे ते होते. त्याने त्यांची चूक कमी होत होती की वाढत होती, हे त्यांना उमगेना. पण एक प्रश्न उरला होता आणि तो विचारल्याशिवाय त्यांना घरी जाववेना. पोस्टमन, मागच्या ओळीतली बाई आणि तो तिसरा माणूस यांच्यापैकी कोण खरे, हे आता समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारता येत होते.

“आज शेवटचा चेंडू तू तिला का दिलास?”

नऊ नंबरने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू हा प्रश्न तिला नीट ऐकूच आला नव्हता.

“तिच्यासमोर कोणी नव्हतं, मामा. माझ्यावर दोघी होत्या.”

“एवढंच?”

“एवढंच. अजून काय असणार?”

मामांनी मान हलवली. ती निघून गेल्यावर ते फाटकाशीच उभे राहिले आणि डोळे मिटून ते बारा सेकंद पुन्हा आठवू लागले: तिच्या अंगावर आलेल्या दोघी, उघडलेले तोंड, लांब हात. कोपरा त्यांना आठवेना. भिंगरी तेथे कधी जाऊन उभी राहिली, हे त्यांनी पाहिलेच नव्हते.